मूल सुटलं, पण उचल कोण फेडणार?

पुण्यात बालमजुरीवरची चर्चा वर्षातून एकदोनदाच पेटते. १२ जूनच्या, म्हणजे जागतिक बालमजुरीविरोधी दिनाच्या आगेमागे धाडी पडतात, हॉटेलं, गॅरेजं, बेकऱ्या यांतून मुलं बाहेर काढली जातात. किंवा एखाद्या चौकात सिग्नलला पेनं विकणाऱ्या मुलांचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतो. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरांच्या कमाईवर बसणाऱ्या आईबापांवर गुन्हे दाखल करा. दुसरा म्हणतो, घरात चूल पेटत नाही तिथे कायदा काय सांगता? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आल्यापासून तिसरा सूरही मिसळला आहे: पैसे वाटले की माणसं आळशी होतात आणि मुलं आहे तिथेच राहतात. हे तिघेही गरिबी म्हणजे कमी उत्पन्न एवढंच धरून चालतात. पण गरीब घरं असंख्य आहेत आणि त्यांतली बहुतेक मुलं शाळेत जातात. मग सारख्याच उत्पन्नाच्या दोन घरांपैकी एका घरातलं मूल नववीच्या वर्गात बसतं आणि दुसऱ्या घरातलं टपरीवर कप विसळतं, हे कशामुळे? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय शिक्षेची भाषा पोकळ आहे आणि कणवेचीही.

माझं म्हणणं असं, की मुलांचं शोषण थांबवायचं तर कुटुंबाला आर्थिक बळ द्यावंच लागेल. मात्र ते बळ कशाचं, याबद्दल आपली समजूत चुकीची आहे. शिवणयंत्र, शेळी, बचत गटाचं कर्ज हे आपल्याला चटकन सुचतं. मुलाला खरं वाचवतात त्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत: घरातल्या मोठ्या माणसाच्या मजुरीची शाश्वती, अडचणीच्या महिन्यात हाताशी येणारा स्वस्त पैसा, आणि धाकट्या भावंडांना सांभाळणारी जागा. या तीन नसतील तर धाड मुलाला एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे पोचवते, आणि उद्योगासाठी दिलेलं कर्ज त्याला घरातच कामाला बसवतं.

हे आकड्यांत मांडून पाहू. वारज्याच्या किंवा हडपसरच्या मजूर अड्ड्यावर उभा राहणारा एक बिगारी घ्या. दिवसाला सातशे रुपये आणि महिन्याला वीस दिवस काम धरलं तर चौदा हजार. बायको चार घरची धुणीभांडी करून सहा हजार आणते. खोलीचं भाडं पाच हजार. घर गरीब आहे, पण चालतं. मुलं महापालिकेच्या शाळेत जातात. एक दिवस स्लॅबच्या कामावर त्याचा पाय मोडतो. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून निघू शकतो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ती योजना रुग्णालयाचं बिल भरते, बुडालेली मजुरी भरत नाही. तीन महिने चौदा हजार येणं थांबतं. घर सावकाराकडून तीस हजार उचलतं, महिना दहा टक्क्यांनी, म्हणजे दरमहा तीन हजार नुसतं व्याज. बाप पुन्हा कामावर जाऊ लागला तरी त्याच्या मजुरीत हे तीन हजार बसत नाहीत, कारण ती आधीच काठोकाठ खर्ची पडलेली असते. तेरा वर्षांच्या मुलाला गॅरेजवाला महिना पाच हजार द्यायला तयार असतो. ते सगळे पाच हजार सावकाराला दिले आणि व्याज घटत्या मुद्दलावर धरलं, तरी कर्ज फिटायला दहा महिने लागतात. दहा महिने म्हणजे अख्खं शैक्षणिक वर्ष. दहा महिने गॅरेजात काढलेलं मूल पुन्हा वर्गात जाऊन बसेल, ही आशा फार थोड्यांच्या बाबतीत खरी ठरते.

आता याच माणसाला चाकणच्या एखाद्या कारखान्यात, कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद झालेली नोकरी आहे असं समजा. त्या योजनेत साध्या आजारपणातही ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, कामावरच्या अपघातात त्याहून जास्त. चौदा हजारांचे सत्तर टक्के तीन महिने, म्हणजे २९,४०० रुपये. सावकाराकडून घ्यावे लागले जवळजवळ तेवढेच. दोन्ही घरांचं महिन्याचं उत्पन्न सारखं, बापाची दानत सारखी, शाळेबद्दलची ओढही सारखीच. फरक तीस हजारांचा, आणि तेही योग्य वेळी मिळण्याचा. मग आईबापांच्या नीतिमत्तेवर इतकी तावातावाने चर्चा कशासाठी?

धाड पडल्यावर काय होतं, तेही नीट पाहिलं पाहिजे. कामगार खात्याचे अधिकारी, पोलीस आणि एखादी संस्था मिळून मुलाला बाहेर काढतात. वयाचा पुरावा शोधला जातो, मालकावर गुन्हा नोंदवला जातो, आणि बाल न्याय कायद्यानुसार २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर केलं जातं. घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा लागतो. तोवर मूल बालगृहात. आईबाप मजुरी बुडवून येतात, कागद दाखवतात, 'पुन्हा कामाला पाठवणार नाही' असं हमीपत्र देतात आणि मुलाला घेऊन जातात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिने ते दोन वर्षांची कैद, वीस ते पन्नास हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शासनाने दर मुलामागे पंधरा हजार पुनर्वसन निधीत टाकायचे असतात, पण ती रक्कम मुलाच्या नावाने ठेव म्हणून राहते; या महिन्याचं व्याज तिच्यातून भरता येत नाही. हमीपत्रावर अंगठा देणाऱ्या बाईला सावकार त्याच संध्याकाळी भेटणार आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. १९८६ च्या बालमजुरी कायद्यानंतरची आकडेवारी अर्थतज्ज्ञांनी तपासली तेव्हा असं आढळलं, की बंदीनंतर मुलांची मजुरी घसरली आणि सगळ्यांत गरीब कुटुंबांमध्ये मुलांचं काम उलट वाढलं. मालकाने पकडलं जाण्याची जोखीम मुलाच्या पगारातून कापून घेतली, आणि तेवढीच रक्कम घरी न्यायला मुलांना जास्त राबावं लागलं. म्हणून बंदी नको, असं मी म्हणत नाही. एकटी बंदी कुणाच्या खिशातून वसूल होते, एवढंच दाखवतो आहे.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे तीस वर्षांपूर्वी कळलं होतं. शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी उद्योगातल्या मुलांवरून वकील एम. सी. मेहता यांनी केलेल्या याचिकेचा निकाल १० डिसेंबर १९९६ रोजी लागला. धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये भरायचे, आणि शासनाने त्या मुलाच्या जागी घरातल्या एका प्रौढ माणसाला काम मिळवून द्यायचं. ते जमत नसेल तर शासनाने निधीत पाच हजार घालायचे, असा आदेश होता. मूल काढायचं तर त्याच्या जागी मोठा माणूस उभा करायचा, हा विचार इतक्या स्वच्छपणे आपल्याकडे त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच मांडला गेला. पण 'जमत नसेल तर' ही वाट उघडी राहिली आणि यंत्रणेला तीच सोपी वाटली. वीस आणि पाच मिळून पंचवीस हजारांवर त्या काळी दहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला अडीच हजार होतात, म्हणजे महिन्याला २०८ रुपये. आज महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराच्या पहिली ते सातवीतल्या मुलाला शिष्यवृत्ती देतं तीही वर्षाला अडीच हजारच, आणि त्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट आहे.

आधी कुटुंबाला आर्थिक बळ द्या, या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद डाव्या-उजव्यांच्या भांडणातून आलेला नाही. तो शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या लोकांचा आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायरन वायनर यांनी १९९१ मध्ये मांडलं, की ज्या देशांनी बालमजुरी संपवली त्यांपैकी अनेकांनी ती लोक सधन व्हायच्या आधी, सक्तीच्या शिक्षणाने संपवली. त्यांच्या मते भारतात अडसर गरिबीचा कमी आणि वरच्या वर्गाच्या मानसिकतेचा जास्त आहे. शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखालच्या एम. व्ही. फाउंडेशनने आंध्रात हजारो मुलांना कामावरून काढून शाळेत बसवलं, आणि तेही पालकांना भरपाई न देता. शाळेबाहेर असलेलं प्रत्येक मूल बालमजूरच, ही त्यांची भूमिका होती. 'गरिबी आहे, काय करणार' हे वाक्य गरिबांपेक्षा अधिकाऱ्यांनाच जास्त सोयीचं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. हे मी पूर्ण मान्य करतो. गरीब आईबापांना मुलाच्या शिक्षणाची किंमत कळत नाही, हा समज खोटा आहे, आणि माझ्या वरच्या हिशोबातलं घरही मोडक्या पायाआधी मुलांना शाळेतच पाठवत होतं. पण या प्रयोगाचा कणा काय होता? निवासी शिबिरं. मूल शिबिरात आलं की त्याचं जेवण, राहणं, औषधपाणी घराच्या डोक्यावरून उतरत होतं. पालकांच्या हातात रोख गेली नाही, पण घरखर्चातला मुलाचा वाटा दुसऱ्याने उचलला. ती आर्थिक मदतच होती.

हीच गोष्ट शाहू महाराजांची. १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसला. दंडाचे समर्थक हा दाखला हमखास देतात. त्याआधीची पंधरा-सोळा वर्षं मात्र ते वगळतात. १९०१ पासून वसतिगृहं उभी राहत होती, आणि १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. मोठ्यांच्या रोजगाराचा मार्ग आधी मोकळा झाला, मग धाकट्यांवर सक्ती आली. पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकतीच्या पालकांना फीमाफी आणि शेतीच्या हंगामात गैरहजेरीची सवलत त्यात होती. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. गोखले काय आणि शाहू काय, सक्तीचे हे दोन्ही पुरस्कर्ते घरचा हिशोब मांडूनच सक्तीकडे वळले होते. आणि आपण? सावित्रीबाईंच्या नावाने १९९२ मध्ये राज्याने दारिद्र्यरेषेखालच्या मागासवर्गीय मुलींना पहिली ते चौथीत रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तीन दशकं उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला.

बंदीच्या बाजूने आणखी एक बारीक मुद्दा आहे. अर्थतज्ज्ञ कौशिक बसू यांनी १९९८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर दाखवलं, की मुलांचे स्वस्त हात बाजारातून काढले तर मोठ्यांची मजुरी वाढू शकते, आणि एकदा ती वाढली की मुलांना पाठवण्याची गरजच उरत नाही. बंदिस्त बाजारात हे घडू शकतं. पुण्याचा मजूर बाजार बंदिस्त नाही. मराठवाडा, सोलापूर, कर्नाटक, तेलंगण, बिहार, छत्तीसगड इथून रोज नवी माणसं उतरतात. एका हॉटेलातून दोन मुलं काढली म्हणून मोठ्या वेटरचा पगार वाढल्याचं दिसत नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना विचारायला हवं. कुटुंबाला सक्षम करा म्हणताना आपण त्यांना काय देतो? बहुतेकदा घरबसल्या धंद्याचं साधन किंवा त्यासाठी कर्ज. फिलिपाइन्सच्या कामगार खात्याने बालमजूर असलेल्या कुटुंबांना धंद्याची साधनं दिली. शास्त्रशुद्ध चाचणीत त्या घरांतलं मुलांचं काम वाढल्याचं आढळलं. बोस्नियात सूक्ष्मकर्जाच्या अभ्यासात कमी शिकलेल्या कर्जदारांच्या घरची सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं शाळेपेक्षा घरच्या धंद्यात जास्त वेळ घालवू लागली. कारण उघड आहे. धंदा आला की हात लागतात, मजूर लावण्याएवढी कमाई नसते, आणि हप्ता दर आठवड्याला दारात असतो. येरवड्याच्या, जनता वसाहतीच्या गल्ल्यांत पापड लाटणं, गजरे ओवणं, खोट्या दागिन्यांना खडे लावणं ही कामं नगावर मिळतात. दहा वर्षांची मुलगी बसली की नग वाढतात. २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक उद्योगात मदत करायला मुभा दिली आहे, तेव्हा तिथे कुठलाही अधिकारी येणार नाही. बचत गटाची मी निंदा करत नाही. पण उत्पादनाचं कर्ज आणि संकटाचं कर्ज यांत फरक आहे, आणि मूल वाचतं ते दुसऱ्याने. 'अन्नपूर्णा परिवारा'ने पुण्यातल्या भाजीवाल्या बायकांना कर्ज देण्यापासून काम सुरू केलं आणि पुढे त्याला आरोग्याचा परस्पर निधी आणि पाळणाघरं जोडली. नुसतं कर्ज पुरत नाही, हे त्यातून आपोआप स्पष्ट होतं.

नगावर, टनावर, हजारावर मिळणारी मजुरी हे मुलांच्या शोषणाचं सगळ्यांत जुनं यंत्र आहे. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरच्या कारखान्यांना बीड-अहिल्यानगरकडून येणारी टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते आणि मार्च-एप्रिलला परतते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे उचल आधीच घेतलेली असते, पन्नास हजारांपासून लाखाच्या वर. ती टनामागच्या दरातून फेडायची असते. टनावर मजुरी असल्यामुळे मोळ्या बांधणारे, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करणारे लहान हातही हिशोबात येतात, आणि कोयता जोडीचाच लागत असल्यामुळे मुलींची लग्नं लवकर उरकली जातात. हवेली-मुळशीकडच्या वीटभट्ट्यांवर हाच प्रकार हजार विटांच्या दरावर चालतो. कच्च्या विटा उन्हात उलटायला मुलं सोयीची पडतात. इथे मुलाची 'सुटका' या शब्दाला अर्थ काय? मुलाला नेलं तर आईबाप उचल फिटेपर्यंत भट्टीवरच राहणार. मुळात हा प्रश्न १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा आहे. त्या कायद्याने असं कर्ज आपोआप रद्द होतं, आणि २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. अडचण अशी, की मोठी रक्कम मालकावरचा गुन्हा सिद्ध होण्याला जोडलेली आहे. तोवर फक्त तातडीची मदत मिळते, आणि कुटुंब पुढच्या हंगामाची उचल घेऊन मोकळं झालेलं असतं.

मजुरीची रीत बदलली तर काय होतं, हे पाहायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने झालेल्या मेळाव्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तोवर कचरावेचक बाई पहाटे कंटेनर धुंडाळायची आणि वजनावर भंगार विकायची. पोत्यात जितके हात तितकं वजन, म्हणून मुलं सोबत. पंचायतीने आधी ओळखपत्रं मिळवली आणि महापालिकेची त्यावर मान्यता घेतली, २००२-०३ मध्ये महापालिकेच्या खर्चाने आरोग्यविमा मिळवला, पतसंस्था काढली, आणि २००७ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन करून दारोदार कचरा गोळा करण्याचं काम मिळवलं. आता ठरलेल्या घरांमागे ठरलेलं मासिक शुल्क मिळतं. मूल बरोबर आणल्याने ते शुल्क वाढत नाही. बालमजुरीविरुद्धची भूमिका संघटनेने सुरुवातीपासून घेतली, पण ती भूमिका पाळणं शक्य झालं ते उत्पन्नाची घडी बदलल्यामुळे. यातलं एकही पाऊल 'बालकल्याण' या शीर्षाखाली येत नाही, आणि मुलांचं कल्याण मात्र यातूनच झालं.

पाळणाघराचा मुद्दा चर्चेत जवळजवळ येतच नाही, कारण त्याचा बळी पडणारी मुलगी सिग्नलवर दिसत नाही. ती लेबर कॅम्पच्या पत्र्याच्या खोलीत दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असते. आई कामाला गेली म्हणून घरी राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला बालमजूर म्हणून कुठल्याही पाहणीत धरलं जात नाही. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तरी त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मात्र पाळणाघर बंधनकारक केलं ते पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असतील तिथेच. बाणेर-वाघोलीतल्या साइटवर सेंट्रिंगवाला, प्लास्टरवाला, फरशीवाला असे ठेकेदार वेगवेगळे, आणि प्रत्येकाकडे पाच-दहा बायका. पन्नासचा आकडा कागदावर भरतच नाही. 'तारा मोबाइल क्रेशेस' आणि 'डोअर स्टेप स्कूल'सारख्या संस्था पुण्यात वर्षानुवर्षं साइटवर पाळणाघरं आणि वर्ग चालवतात. पण त्या पोचतात ते बिल्डरच्या राजीखुशीने. आईला रोजगार मिळाला तर मुलं शाळेत जास्त टिकतात असं आंध्रातल्या एका अभ्यासात दिसलं, आणि दुसऱ्या अभ्यासात किशोरवयीन मुलं आईची घरची जागा भरायला शाळा सोडताना दिसली. दोन्ही खरं आहे. फरक पडतो तो धाकट्याला कोण सांभाळतं यावर.

रोख मदत दारूत जाते, हा आक्षेप भावनेने फेटाळण्यासारखा नाही. दारूने मोडलेली घरं वस्तीत सगळ्यांना माहीत असतात. पण जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे: सुटका झालेल्या मुलालाच मदत दिली, तर मदतीसाठी मूल कामाला लावलं जाईल. हा धोका खरा आहे. म्हणूनच मदत सुटकेला न जोडता घराच्या अवस्थेला जोडायला हवी: एकल पालक, अपघात, दीर्घ आजार, हंगामी स्थलांतर. अशा योजना आहेतही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात चार हजार. पण मिशन वात्सल्यची शहरी उत्पन्नमर्यादा वर्षाला ९६ हजार आहे, म्हणजे महिना आठ हजार. दिवसाला चारशे मिळवणारी विधवा महिन्यात पंचवीस दिवस कामाला गेली तर दहा हजार कमावते आणि अपात्र ठरते. अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पतीचा मृत्यूदाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक खातं, मग गृहचौकशी, मग समितीचा आदेश. यात तीन-चार दिवसांची मजुरी सहज जाते, आणि अनुदान सुरू झालं तरी अनेकदा काही महिन्यांचं एकदम येतं. सावकाराचं व्याज दर महिन्याला असतं. लाडकी बहीणचे दीड हजार नियमित येतात म्हणून त्यांचा उपयोग होतो, पण राज्याचा रहिवासी नसलेल्या स्थलांतरित बाईला ते नाहीत, आणि सिग्नलवरच्या, भट्टीवरच्या कितीतरी बायका तशाच आहेत.

चौदाव्या वर्षी तर सगळे आधार एकदम सुटतात. शिक्षणहक्क कायदा चौदापर्यंत, मोफत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण आठवीपर्यंत, आणि बालमजुरीची सरसकट बंदीही चौदापर्यंत. पुढे फक्त धोकादायक कामांना मनाई. ज्या वर्षी मुलाच्या मजुरीला बाजारात खरी किंमत येते, त्याच वर्षी शाळेत टिकण्याचा खर्च घरावर येऊन पडतो. मेक्सिकोने १९९७ मध्ये आईच्या हाती रोख देण्याची योजना आखली तेव्हा नेमकं हे ओळखलं होतं: इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढत गेली, आणि माध्यमिक शाळेत मुलींसाठी ती मुलांहून जास्त ठेवली गेली. तिथे सर्वाधिक परिणाम दिसला तो माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच. आपल्याकडे बांधकाम मंडळाची शिष्यवृत्ती आठवीपासून पाच हजार होते, पण तीही वर्षाला.

भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या, मुलं विकणारे दलाल यांच्याबाबतीत मात्र कुटुंबाचं सक्षमीकरण वगैरे बोलत बसू नये. तिथे पोलिसांचंच काम आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ मध्ये मुलाला भिकेला लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, ती व्हावी. पण दलालही कोणाच्या दारात जातो, हे पोलिसांनीही लक्षात घ्यावं: हातात उचल ठेवता येईल अशाच घरी.

पुणे महापालिकेला यातलं बरंच काही नव्या कायद्याशिवाय करता येईल. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर परवानगीच्या वेळीच वसूल होतो, म्हणजे साइट कुठे सुरू होते आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जोत्याच्या तपासणीला पाळणाघराची अट जोडावी, आणि ठेकेदार मोजायच्या ऐवजी अख्ख्या साइटवरची सहा वर्षांखालची मुलं मोजावीत. मंडळात नोंदणीसाठी लागणारा नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला मुकादम देत नाही, म्हणून तो महापालिकेच्या अभियंत्याने साइटवर जाऊन द्यावा. पंधराही क्षेत्रीय कार्यालयांत कष्टकऱ्यांच्या पतसंस्थांमार्फत तीस हजारांपर्यंतचं संकट-कर्ज आठवड्याच्या आत मिळावं, धंद्याची अट न घालता. आणि बाल कल्याण समितीपुढे पंधरा दिवसांत जाणाऱ्या अहवालाला तीन कागद जोडल्याशिवाय तो पूर्ण मानू नये: घरावर कुणाचं किती कर्ज आहे याची नोंद आणि ते वेठबिगारीचं असल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवलेला अहवाल, धाकट्या भावंडांची सोय, आणि घरातल्या एका प्रौढ माणसाच्या कामाचा आदेश. झाडणकाम, उद्यानं, मलनिस्सारण, सुरक्षा यांसाठी महापालिका दरवर्षी ठेकेदारांकडून माणसं घेते. त्या निविदांत अशा कुटुंबांसाठी जागा राखून ठेवायची अट घातली, तर १९९६ च्या निकालातला पहिला पर्याय इथे अमलात येतो, आणि 'जमत नसेल तर' म्हणायला आयुक्तांना कारण उरत नाही.